भोपळ्याचा गोळा

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची नजर तपासणाऱ्या वहिनीला नणंदेच्या जिन्यात मात्र मान वर करवेना. नणंदेचा कुत्रा, ढग, तिसऱ्या मजल्यावर खाजवत होता आणि ते दुसऱ्यावर ऐकू येत होतं. साठ किलोंचा कुत्रा खाजवायला लागला की फरशीसुद्धा बोलते.

वहिनीच्या घरीही असाच एक धिप्पाड कुत्रा होता, लाडाने पहिलवान. त्याच्या अंगावर चट्टे उठले तेव्हा तिने खरोखरच कंबर कसली होती. कोंबडी बंद, गहू बंद. उकडलेले मासे, रताळं, भोपळा सुरू. शिवाय ओट्सच्या पाण्याने अंघोळ. फरक पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा डॉक्टरांच्या गोळीने पडला. पहिलवान गोळी थुंकून टाकायचा, म्हणून ती उकडलेल्या भोपळ्याचा गोळा वळायची, अंगठ्याने मधे खळगा पाडायची, गोळी आत सारून वरून बुजवायची. मग स्वारी गट्ट करून गिळायची.

पुढे एकदा घर पाहुण्यांनी भरलेलं असताना कुणीतरी पहिलवानाच्या चकचकीत पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालं, "कमाल केलीत हं!" झालं, वहिनीची जीभ घसरली. "नुसतं खाणं बदललं हो. गोळीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही त्याने." कौतुक कुणाला कडू लागतं? आठवड्याभरात ती बागेत भेटणाऱ्या परक्या माणसांनाही सल्ले द्यायला लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्या पाहुण्यांत नणंद होती. तिच्या ढगलाही तेव्हाच खाज सुटली होती. तिने डॉक्टरांची चिठ्ठी फाडून टाकली आणि दुसऱ्या दिवशी वहिनीच्या ओट्याशी येऊन उभी राहिली, "मला दाखव." वहिनीने दाखवलं. गोळी आधीच मुठीत लपवून ठेवली होती.

याला दोन महिने झाले. आज सकाळी नणंदेचा फोन आला होता. "जरा येऊन जा गं. हे म्हणतात, रविवारी ढगला गोदामाच्या राखणीला देऊन टाकू. रात्रभर कुणाला झोप नाही. माझंच काहीतरी चुकतंय, वहिनी."

दार उघडलं आणि ढगने येऊन आपलं जड डोकं तिच्या पोटाशी टेकवलं. कोपरं सोलवटलेली, मानेवर केस नाहीत, कानाला वास. वहिनीने हात उचलला, पण तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. आपण हे केलं, असं तिच्या मनात स्पष्ट आलं.

"मासे तोलून देते," नणंद सांगत होती. तिचे डोळे सुजले होते. "पावाचा तुकडासुद्धा घरात पडू देत नाही. तू बघ आणि सांग, कुठे चुकतंय."

नणंद शिवणकाम करायची. नुसता अंगावरचा ब्लाउज पाहून तसाच बेतणारी बाई. तिने भोपळा घेतला, गोळा वळला, अंगठ्याने मधे खळगा पाडला. मग तो रिकामा खळगा बुजवला आणि दोन बोटांनी वरून गुळगुळीत केला. हुबेहूब वहिनीसारखा. ढगने तो गिळला आणि शेपटी हलवली.

"हा खळगा कशाला असतो ते मला कधी कळलं नाही," नणंद ओशाळून म्हणाली. "पण तू करतेस म्हणजे काहीतरी असेलच. म्हणून एकही चुकवला नाही."

"वाफ जायला गं," हे उत्तर वहिनीच्या जिभेवर तयारच होतं. ते इतकं पटकन तयार झालं, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. नणंदेने दुसरा गोळा वळून अंगठा दाबला होता.

"बुजवू नकोस," वहिनी म्हणाली. "तिथे गोळी असते. डॉक्टरांची."

नणंद खळग्याकडे बघत राहिली. "रोज?"

"रोज."

"मी तुझ्या ओट्याशी उभी होते, तेव्हा?"

"तेव्हाही. मुठीत होती."

नणंद ओरडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने गोळा ताटलीत ठेवला, हात धुतले, खुंटीवरचा पट्टा काढून ढगच्या गळ्यात अडकवला आणि दुसरं टोक वहिनीच्या हातात दिलं.

"तूच ने. चिठ्ठी का फाडली, असं डॉक्टर विचारतील. मला नाही सांगता येणार. तू सांग."

वहिनी निघाली. तीन मजले उतरायचे होते. ढग दर चार पायऱ्यांनी खाजवायला बसत होता, आणि तो उठेपर्यंत वहिनी पट्टा धरून उभी राहत होती.