पक्का लाल

कोण कुठला तो जर्मनीचा कैसर, त्याचं आणि अब्दुल गनी रंगाऱ्याचं काय वाकडं होतं, ते एक अल्लालाच ठाऊक. भांडण लागलं सात समुद्रांपलीकडे आणि भट्टी विझली इकडे देऊळगाव राजात. गनीची लाल रंगाची हंडी दिवाळीपासून पालथी पडली होती. कारण लाल रंग यायचा जर्मनीहून, डब्यातून, आणि जर्मनी झाली होती सरकारची दुश्मन.

शाळामास्तर रंगराव रोज संध्याकाळी पारावर पेपर वाचून दाखवायचे. अमुक खंदक घेतला, तमुक जहाज बुडवलं. गनी सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच विचारायचा, की मास्तर, डबे कधी येतीन? मास्तर म्हणायचे, दोन महिन्यांत लढाई आटोपते. हे दोन महिने गेली दोन वर्षं चालले होते. गनीचं डोकं फिरायचं. भांडणारे राजे, मरणारे शिपाई, माझ्या हंडीनं कोणाचं काय घोडं मारलं होतं?

या हंडीची गोष्ट सांगायची तर आधी टोपीची सांगावी लागते. गनीच्या घराण्याची रीत होती. रंगवलेलं कापड गिऱ्हाइकाला देताना त्याचा पदर त्याच्यासमोर पाण्यात बुचकळायचा, पिळायचा, आणि आपल्याच डोक्यावरची पांढरी टोपी काढून तिच्यावर खसाखसा घासायचा. टोपी पांढरी राहिली तर कापड तुमचं. डाग पडला तर मजुरी नाही, वर कापडाची भरपाई. तीन पिढ्या टोपी पांढरी राहिली होती. म्हणून तर पार अमडापूरचे लग्नाचे फेटेसुद्धा देऊळगावला यायचे.

अशात मार्गशीर्षात अर्जुनराव देशमुख आले. थोरल्या मुलाचं लग्न फाल्गुनात, फेटे चाळीस, सगळे लाल. गनीनं हात जोडले, रंगच नाही म्हणाला. देशमुखांना ते पटेना. एवढी मोठी इंग्रजाची सत्ता, नागपुरात एवढं सरकार बसलेलं, आणि चाळीस फेट्यांना रंग मिळत नाही म्हणजे काय? जाता जाता म्हणाले, तुझ्यानं होत नसेल तर जालन्यात रंगारी आहेत. घाव बरोबर वर्मी बसला. देशमुखाचे फेटे एकदा जालन्याला गेले की आसपासच्या सगळ्या गावांचे गेलेच म्हणून समजा.

मग गनी स्वतःच जालन्याला गेला. निजामाच्या हद्दीत शिरून, चार दुकानं पालथी घालून, चौपट भावानं एक डबा आणला. डब्यावर जर्मन मालावर असायची तीच दोन सिंहांची जोडी. गनीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण सिंह ओळखता येत होते. सिंह पाहिले आणि पैसे मोजून मोकळा झाला! घरी येऊन चिंधी रंगवली, भिजवली, टोपीवर घासली. टोपी अशी झाली जसा कोणाचा घोळणा फुटला. डबा जर्मनीचा होता, आतला माल कोणत्या वीटभट्टीचा होता कोण जाणे.

नूरजहां, त्याची बायको, हळूच म्हणाली की पदर पाण्यात नुसता दाखवल्यासारखा करा, कोरडाच घासा, कोण पाहते एवढं. गनी तिच्यावर खेकसला. खेकसला, कारण तोच विचार त्याच्याही मनात येऊन गेला होता.

आणि मागच्या खोलीत बानोफुफी हसत होती. बानो त्याच्या बापाची बहीण, पंच्याहत्तरीची. तिच्या काळी लाल रंग निघायचा आलीच्या मुळीतून. आल म्हणजे भाजीतलं आलं नव्हे, रंगाचं झाड. शेतात लावायची, मुळी खणायची, कुटायची. बारा वर्षांपूर्वी पहिला डबा आला तेव्हा गनीनंच आलीचं वावर मोडून कापूस पेरला होता. फुफी रडली होती, आणि हा शहाणा तिला म्हणाला होता, की फुफी, जमाना बदलला.

बांधावर एक झाड तेवढं राहिलं होतं. गनीनं कुदळ घेतली आणि दिवसभर घाम गाळून ते मुळासकट काढलं. मनगटाएवढ्या मुळ्या! खांद्यावरून ऐटीत आणून फुफीपुढे टाकल्या. फुफीनं नखानं साल खरवडली. आत पांढरं लाकूड.

"बे गनी, रंग तीन सालाच्या आलीत असते," ती म्हणाली. "म्हातारीत नुसतं लाकूड राह्यते, माह्यासारखं."

गनीला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मुळी पारखायचं काम कायम फुफीचं, म्हणून रंगाऱ्याच्या पोटी जन्मून त्याला एवढंही ठाऊक नव्हतं. फुफीनं मात्र बसल्या बसल्या त्या ढिगातून केसासारख्या बारीक मुळ्या वेचल्या. त्या एका फेट्यापुरत्या निघाल्या. मग एरंडेल झालं, मेंढीच्या लेंड्या झाल्या, तुरटी झाली. बारा दिवस म्हातारीनं त्याला नाचवलं, आणि तेराव्या दिवशी फेटा असा लाल निघाला की गनी पाहतच राहिला.

तो फेटा आणि नवी टोपी घेऊन तो देशमुखांकडे गेला. भिजवला, पिळला, घासला. टोपी पांढरीफेक. देशमुख खूश झाले, बाकीचे एकोणचाळीस कुठं आहेत म्हणाले. गनी म्हणाला, आता आल लावतो, तीन सालानं देतो. देशमुख पोट धरून हसले. लग्न काय तीन साल थांबते? एकोणचाळीस फेटे जालन्याला गेलेच. वरातीत घाम सुटला आणि व्याह्यासकट सगळ्यांचे गाल लाल झाले, एक नवरदेव सोडून, त्याच्या डोक्यावर गनीचा आलीचा फेटा होता. मग देशमुखांनीच येऊन शब्द दिला, की धाकट्याच्या लग्नाचे फेटे गनीकडेच, आणि आलीचेच.

त्या शब्दावर गनीनं, उपटलेल्या झाडाचं फुफीनं राखून ठेवलेलं बी घेऊन, कापसाच्या वावरात आल लावली. आणि नशीब पाहा, त्याच सालात कापसाला कधी नव्हता असा भाव चढला! शेजारी कडूबानं बैलजोडी घेतली, घरावर कौलं चढवली. गनीच्या वावरात मुळ्या जमिनीखाली गुपचूप वाढत होत्या, आणि नूरजहां रोज भाकर वाढताना त्या मुळ्यांचा उद्धार करत होती. गनी काळे-निळे रंग चढवून दिवस ढकलत राहिला. दुसऱ्या वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली आणि बानोफुफीला घेऊन गेली. जाताना तिनं आलीचंच विचारलं.

तिसरं साल भरलं. लढाई थांबली होती, कैसर गादी सोडून पळाला होता. गनीनं एक रोप उपटून पाहिलं. मुळी बोटाएवढी, साल खरवडली की आत पिवळाधमक रस, तुरटी लागली की लाल होणारा. तो वावरातच बसून रडला. आता फक्त देशमुखांची वाट होती.

देशमुख आले. धाकट्याचं लग्न, फेटे साठ. आणि ओट्यावर त्यांनी एक डबा ठेवला. दोन सिंह.

"जालन्यात परत येऊन राह्यले. हा खरा आहे," ते म्हणाले. "शब्द दिला होता, ध्यानात आहे. पण लग्न आठ दिवसांवर आलं, गनीभाई. आलीले बारा दिवस लागतेत."

गनीनं डबा फोडला, तिथंच चिंधी रंगवली, वाळवली, पाण्यात भिजवली. डोक्यावरची टोपी काढून घासली. खच्चून घासली, दातओठ खाऊन घासली. टोपीवर डाग पडावा असं मागणं त्यानं अल्लाकडे आयुष्यात पहिल्यांदा मागितलं.

टोपी पांढरीच राहिली. आता टोपीच्या पुढे कोण बोलणार? गनीनं फेटे ठेवून घेतले.

देशमुख गेल्यावर नूरजहां दारात आली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता. आल मोडून परत कापूसच लावायचा ना, तिनं विचारलं.

"मोडू," गनी म्हणाला. "पण आधी बी धरून ठेव."

"काऊन? आता लढाई सरली ना?"

गनीनं टोपी झटकली आणि डोक्यावर घातली.

"ते परत भांडतीन," तो म्हणाला.