पोन्नीच्या पोटातली एकच शिडी

मी एक जुनी युद्धनौका आहे. माझे नाव पोन्नी. चेन्नई बंदराच्या आतल्या धक्क्याला जाड दोरखंडांनी बांधलेली, करड्या रंगाची, एका कुशीवर किंचित कललेली जी बोट तुम्हाला दिसते, ती मीच. रंग ताजा आहे म्हणून फसू नका, मित्रांनो. त्या रंगाखाली रंग आहे, त्याच्याही खाली रंग आहे, आणि सगळ्यांत खाली गंज आहे.

युद्धनौकेला कसली आली भीती, असे तुम्हाला वाटेल. मला मात्र जन्मापासून भीती वाटत आली आहे. गोदीत माझा कणा घातला, त्यावर फासळ्या उभ्या केल्या, पत्रे जोडले, तेव्हा मी मजेत होते. वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या, माणसे ओरडून एकमेकांना हाका मारायची. मग एके दिवशी माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडला आणि मला उतरणीवरून पाण्यात सोडले. ते पाणी चारही बाजूंनी अंगाला भिडले आणि मी मनात म्हटले, हे आत येणार. आज नाही तर उद्या, पण हे आत येणार.

पुढे कामाच्या धबडग्यात ती भीती मागे पडली. मी मालवाहू जहाजांना चाच्यांच्या टापूतून सुखरूप पार नेले. एका चक्रीवादळात चेन्नईजवळच्या कोवलमचे कोळी भरकटले होते, त्यांना शोधून आणले. मी परतले तेव्हा त्यांच्या बायका धक्क्यावर उभ्या होत्या. त्यांनी वंजरम माशांच्या टोपल्या खलाशांच्या हाती दिल्या आणि माझ्या पत्र्याला हात लावून तो कपाळाला लावला. शाळांच्या सहली मला बघायला यायच्या. तोफेपाशी फोटो काढायला रांग लागायची. मला फार बरे वाटायचे.

मग हळूहळू दिवस पालटले. माझ्या यंत्रांचे सुटे भाग बनायचे बंद झाले. एखादा पंप बिघडला की माझ्याच जातीची एखादी मोडीत काढलेली बोट शोधायची आणि तिच्यातला पंप काढून मला बसवायचा. नव्या बोटी आल्या की मला धक्क्यावरून हलवून मागे नेत. शेवटी बोलणे कानावर आले, की माझ्यासारख्या म्हाताऱ्या बोटींच्या जागी नव्या बांधायच्या आहेत. दोन आराखडे तयार आहेत. त्यांतला एक निवडायचा, आणि तो निवडला की आमची रवानगी भंगारात. तेव्हापासून धक्क्यावर कुठेही गॅस कटरचा फरफराट ऐकला तरी मी आतून थरथरायची.

कार्तिकातल्या एका सकाळी ती निवड करणारी समिती माझ्यावर आली. समितीचे प्रमुख नारायणस्वामी हे निवृत्त नौदल अधिकारी. उंच, शांत, फार कमी बोलणारे. जुन्या बोटीवर माणसे कशी राहतात, कुठे काय अडते, हे त्यांना नवी बोट ठरवण्याआधी समुद्रात प्रत्यक्ष बघायचे होते. त्यांच्याबरोबर सहाना होती. चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या कचेरीत बसून पहिला आराखडा तिनेच काढला होता. तो सगळ्यांत वेगवान बोटीचा होता, अरुंद आणि देखणा. दुसरा आराखडा तिच्याच कचेरीतल्या गिरीधर नावाच्या सहकाऱ्याचा. त्याची बोट रुंद होती, संथ होती, आणि कचेरीत तिला हसून ‘म्हैस’ म्हणत. पहिलाच निवडला जाणार हे सगळे धरून चालले होते.

माझा कप्तान विजयेंद्र. त्याने सहानाचे आडनाव ऐकले आणि त्याचा चेहरा उजळला.

“तुम्ही तंजावूरकडचे काय हो?” त्याने घरच्या मराठीत विचारले.

“होय सार! पण आमचें घर आतां तांबरमला आहे.” सहाना हसली. “माझी मराठी मोडकी आहे हां. आजीसंगं तेवढी बोलतें.”

“माझी तरी कुठे धड आहे? इथें बोलायला कोण मिळतें?”

दोघेही हसले आणि पुढच्याच वाक्याला तमिळवर आले. तोवर मी बंदराबाहेर पडले होते. समुद्र खवळलेला होता. लाटा कुशीला लागत होत्या आणि मी इकडून तिकडे झुकत होते.

सहानाला माझी सगळ्यांत खालची पंपाची खोली बघायची होती. त्या खोलीत उतरायला एकच उभी शिडी आहे आणि वर एक लोखंडी झाकण. रंगा नावाचा माझा मेकॅनिक तिला घेऊन उतरला. हा रंगा कोवलमचा. तिथला सगळा गाव त्याला पट्टीचा पोहणारा म्हणून ओळखतो. त्या दिवशी मात्र नुसत्या पोहण्याचा उपयोग नव्हता.

सहानाने टेप काढून भिंतींची मापे घेतली. “नव्या बोटीत ही खोली निम्मी होईल,” ती म्हणाली. रंगाने मान डोलावली. तेवढ्यात एका मोठ्या लाटेने मला उचलून आपटले, आणि समुद्राचे पाणी आत घेणारा माझा जाड नळ फाटला.

मित्रांनो, ज्याची मला जन्मभर भीती होती, ते आत आले.

पाणी नळातून येत नव्हते, ते फुटत होते. सहाना भिंतीवर आपटली. दिवे गेले. काळोखात तिची किंकाळी माझ्या पत्र्यापत्र्यातून फिरली. रंगाने चाचपडत तिची बाही पकडली, तिला शिडीकडे ढकलले आणि ओरडला, “अक्का, वर! मागे बघू नका, वर!”

तिचे पाय घसरत होते. वरच्या खलाशांनी तिला काखेत हात घालून ओढले. ती वरच्या बोळात, गॅलरीत पडली आणि मागे वळून म्हणाली, “तो येतोय. थांबा, तो येतोय.”

रंगा येत नव्हता. नळाची झडप वरून बंद होईना, गंजली होती. ती हातानेच फिरवावी लागणार हे त्याला कळले होते. तो पाना घेऊन पाण्यात उतरला होता.

मी झुकले की खोलीतले पाणी उसळून झाकणातून वर गॅलरीत येत होते. त्याच गॅलरीत पुढे जनित्रांची खोली आहे. तिथे पाणी शिरले असते तर सगळे पंप बंद पडले असते आणि मग मी कुणालाच परत आणू शकले नसते. विजयेंद्र धावत आला. त्याने एकदा खाली बघितले.

“झाकण लावा,” तो म्हणाला.

“आत माणूस आहे!” सहाना किंचाळली.

“मला माहीत आहे. लावा.”

खलाशी थबकले. त्यांतला एक रडत होता. विजयेंद्राने स्वतः झाकणाला हात घातला, तेव्हा ते पुढे झाले. झाकण पडले. त्यावरचे चाक आवळले गेले.

त्यानंतर मी जे ऐकले त्यातले फक्त ठोके वर पोचले. खालून पान्याचे ठोके आले. धाड, धाड, धाड. मग शिव्या आल्या, मग नुसता ओरडा, मग आईला मारलेली हाक. पाणी त्याच्या छातीशी आले होते. मला हात असते तर मी ते झाकण उपटून काढले असते, आणि उपटले असते तर सगळ्यांना बुडवले असते. मग ठोके थांबले.

वर सहाना झाकणाला कान लावून बसली होती. “आवाज येत नाही,” ती पुटपुटली. “सार, आवाज येत नाही.” विजयेंद्राचे ओठ पांढरे पडले होते. तो पंपाच्या पाइपवर हात ठेवून उभा होता, जणू आजाऱ्याची नाडी बघत होता.

ठोके थांबले होते, कारण रंगाने ठोकणे सोडले होते; झडप फिरवायला पाना दोन्ही हातांनी धरावा लागत होता. झाकण लागल्यामुळे छताशी हवा कोंडून राहिली होती. तो त्या हवेत तोंड काढून श्वास घ्यायचा, बुडी मारायचा, झडपेशी झटायचा आणि पुन्हा वर यायचा. मला त्याची प्रत्येक बुडी कळत होती. प्रत्येक वेळी वाटायचे, आता हा वर येणार नाही. मग कधीतरी झडपेचा गंज कुरकुरला. झडप जराशी फिरली. मग आणखी. पाणी थांबले.

पंपांनी पाणी ओढले. झाकण उघडले तेव्हा रंगा छताच्या नळीला मिठी मारून लटकत होता. त्याची बोटे सोडवायला दोघे लागले.

त्याला घोंगडी गुंडाळून जेवणखोलीत बसवले. कॉफीचा पेला सहानाने त्याच्या ओठांशी धरला. दोन घोट घेऊन तो म्हणाला, “अक्का, झाकण लागलं तेव्हा मी कप्तानाला फार घाण शिव्या दिल्या. त्यांना सांगू नका.”

विजयेंद्र दारातच उभा होता. त्याने ऐकले होते. तो आत आला, पण त्याला रंगाच्या नजरेला नजर देता येईना.

“सार,” रंगा म्हणाला, “मीही लावलं असतं.”

विजयेंद्र त्याच्या शेजारी बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

बंदरात परतल्यावर समिती माझ्याच बैठकीच्या खोलीत बसली. सहानाचे कपडे अजून ओले होते. तिने आपला आराखडा टेबलावर पसरला आणि पंपाच्या खोलीवर बोट ठेवले.

“इथेही एकच शिडी आहे,” ती म्हणाली. “दुसरी होती. वेग मिळावा म्हणून मी ती काढली.”

“मग परत घाल,” नारायणस्वामी म्हणाले.

“घातली तर बोट रुंद करावी लागते, सार. रुंद केली की वेग जातो. मग ही माझी बोट उरत नाही.” तिने आराखड्यावरचे बोट उचलले. “गिरीधरच्या बोटीत प्रत्येक खोलीला दोन वाटा आहेत. आम्ही तिला हसत होतो. ती घ्या.”

“तुझी कित्येक वर्षांची मेहनत आहे यात.”

“आहे. पण मला त्या काळोखात परत कुणाला पाठवायचं नाही.”

नारायणस्वामींनी तिचा आराखडा हळूच गुंडाळला आणि तिच्या हातात दिला. काही महिन्यांनी रुंद बोटीची निवड जाहीर झाली.

तर गोष्ट इथे संपायला हवी होती, मित्रांनो. पण नवी बोट कागदावरून पाण्यात यायला वर्षे लागतात. तोवर समुद्र राखायला कुणीतरी लागतेच. माझा फाटलेला नळ बदलला आणि मला पुन्हा कामावर घेतले. आज सकाळी रंगा त्याच झाकणापाशी आला. शिडीच्या पहिल्या पायरीवर त्याने पाय ठेवला आणि तिथेच थांबला. त्याच्या घामेजल्या तळव्याचा ओलावा मला लोखंडावर जाणवला. मग तो उतरला.

जुन्या वस्तू तुमच्याकडे सहसा एकच मागणे मागतात, आम्हाला टाकू नका. मीही तेच मागत होते. आता भंगाराची भीती मला वाटत नाही. माझे पत्रे कापतील, वितळवतील, त्यांचे दुसरे काहीतरी होईल. भीती वाटते ती माझ्या पोटात उतरणाऱ्या पोरांसाठी. आम्हाला प्रेमाने वापरा, आमची निगा राखा, आमच्यावर नुसता रंग देऊ नका. आणि आमचा काळ सरला की आम्हाला वेळेवर थांबवा. मला थांबा म्हणता येत नाही. दोरखंड सुटले की मला जावे लागते.