अंतर तेवढं कळत होतं

मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून माझा थोरला भाऊ कैतिरादादा मला चारचौघांत 'मास्तर, मास्तर' करून चिडवायचा. अदिश राशी म्हणजे जिला माप असतं पण दिशा नसते, उदाहरणार्थ अंतर. हे वाक्य फळ्यावर लिहून लिहून माझा हात झिजलाय. आग लागो त्या वाक्याला!

त्या शनिवारी आम्ही दोघंच टूना मासे धरायला आमच्या तारावा बेटाच्या खडकांपलीकडे लांब समुद्रात गेलो होतो. गळाची दोरी इंजिनाच्या पंख्यात अडकली. दादा एक पाय होडीबाहेर टाकून ती सोडवायला वाकला, पंख्याने एकदम गिरकी घेतली आणि त्याची मांडी फाटली. तो माझ्यावर कोसळला, तसं वाट दाखवायचं यंत्र माझ्या हातून निसटून आपटलं. पडद्यावरचा बाण गेला. घर किती किलोमीटर लांब, तो आकडा तेवढा उरला. तेवीस.

लुंगी फाडून मांडी करकचून बांधली, तरी रक्त थांबेना. ऐन दुपार, सूर्य बरोब्बर डोक्यावर. पूर्व कुठली नि पश्चिम कुठली, काही कळेना. तासभर थांबलो असतो तर सावल्या सरकल्या असत्या, पण दादाकडे तेवढा वेळ नव्हता.

"काढ की गणित, मास्तर," तो म्हणाला. "फुकटचा पगार खातोस."

"गप पड ना, दादा!"

अंदाजानेच होडी हाकली. बावीस झाले, मग एकवीस.

"उतरतंय रे, उतरतंय!" मी ओरडलो.

"म्हणजे गाढवसुद्धा पास होतं," दादा हसला. त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते.

पंधरावर आकडा अडकला. प्रवाह आम्हाला आडवं ढकलत होता. घर जवळही येईना, लांबही जाईना. आम्ही नुसते त्याच्याभोवती फिरत होतो. उजवीकडे वळवली तर सोळा झाले. शिवी हासडून डावीकडे वळवली.

"पंधरा! चौदा! दादा, चौदा झाले!"

दादाची मान कलली होती. मी हलवलं, गालावर मारलं. मला कळलं.

तरी तेरा आले तेव्हा मी ओरडलो. बाराला ओरडलो. "ऐकतोस ना? अरे, शिव्या तरी दे!" मी गप्प झालो असतो तर तो गेला हे खरं झालं असतं.

माड दिसले, किनारा आला, तरी माझं ओरडणं चालूच होतं. आई कमरेएवढ्या पाण्यात शिरून पुढे आली, तोंडभर हसत.

"समुद्रावरही भांडता का रे मेल्यांनो?" ती म्हणाली. "लांबून तुझा आवाज ऐकला. म्हटलं चला, दोघंही धड आहेत."