फुंकणीचा आकडा

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेल्या, पण घरी जायचा धीर अजून न झालेल्या माणसांसाठी ते घर होतं. चार खोल्या, सात खाटा आणि एक मावशी. मावशी पूर्वी नर्स होत्या, आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं.

घराचा मुख्य नियम एकच. सकाळी सातला, चहाच्या आधी, प्रत्येकाने श्वास तपासायच्या यंत्रात फुंकायचं. यंत्राला सगळे फुंकणी म्हणत. शून्य आलं की चहा. वर काही आलं तर पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं, आणि तेव्हाही आलं तर दुपारच्या आत पिशवी भरून बाहेर. सहा महिने परत यायचं नाही.

त्या मंगळवारी रंगाऱ्याचा दारूशिवायचा एक्क्याण्णवावा दिवस होता. त्याला कामावर लवकर जायचं असे, म्हणून त्याचा नंबर पहिला. त्याने फुंकलं. बेचाळीस.

"हे काय रे?" मावशी म्हणाल्या.

"मला काय विचारताय? फुंकणीला विचारा."

पंधरा मिनिटं तो मावशींच्या समोर खुर्चीवर बसून राहिला. मावशींनी पापणी हलवली नाही. मग नळी कापसाने आणखी घासून पुसली आणि पुढे धरली. एक्कावन्न.

"वाढला! माझ्या नाकासमोर बसून प्यायलास?"

रंगारी उठला, खोलीत गेला आणि खाटेखालून पिशवी ओढली. शेजारच्या खाटेवरचा शिंपी त्याच्या मागे धावला.

"अरे, भांड ना! एरवी साबणाच्या वडीवरून तासभर भांडतोस!"

"काय भांडू? रात्री प्यायलो मी," रंगारी हळूच म्हणाला. "स्वप्नात."

शिंप्याने कपाळाला हात लावला आणि मास्तरांना हाक मारली. मास्तरांनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं, त्यातली शेवटची दहा झोकांड्या खात.

"स्वप्नातली दारू श्वासात उतरत नाही," मास्तर म्हणाले. "उतरत असती तर मी केवढे पैसे वाचवले असते! चल बाहेर."

मास्तरांनी स्वतः फुंकलं. पंचावन्न. शिंप्याने फुंकलं. सत्तेचाळीस.

"म्हणजे सगळ्यांनी मिळून घेतलीत?" मावशींचा आवाज चिरकला.

"मावशी, सगळ्यांनी मिळून आम्ही कधी भांडीसुद्धा घासली नाहीत," शिंपी म्हणाला.

"आता जन्मात न प्यायलेलं माणूस पाहिजे," मास्तर म्हणाले, आणि सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं.

मावशी खोकल्याचं औषधसुद्धा, त्यात दारूचा अंश नाही ना हे बाटलीवर वाचून मगच घेत. त्यांनी पदर सावरला, नळी पुसली, ताठ बसून फुंकलं. एकोणपन्नास.

त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"घाबरू नका," शिंपी मायेने म्हणाला. "कबूल करणं ही पहिली पायरी. आम्ही आहोत ना पाठीशी."

"गप्प बस, मेल्या!"

मास्तरांचं अजून समाधान झालं नव्हतं. त्यांना तोंड नसलेलं काहीतरी हवं होतं. शिंप्याने सायकलचा पंप आणला. मावशींनी सवयीने नळी पुसली, शिंप्याने पंपाचं टोक नळीला लावून दांडा दाबला. साठ.

"पक्का बेवडा निघाला," शिंपी म्हणाला. "घरात राहून आपल्याला पत्ता लागू दिला नाही."

मास्तर मात्र मावशींच्या हाताकडे बघत होते. "मावशी, हा कापूस कशात बुडवलाय?"

"स्पिरिटमध्ये. तुम्ही सगळे रविवारपासून शिंकताय, म्हणून आजपासून..." त्यांनी कापूस नाकाशी नेऊन हुंगला.

नळी पाण्याने धुतली. अर्धा तास फुंकणी उघड्या खिडकीत ठेवली. रंगारी तिच्याजवळ जाईना.

"तुम्हा सगळ्यांचं स्पिरिट असेल," तो म्हणाला. "माझं वेगळं असलं तर?"

शेवटी शिंप्याने त्याला खांद्याला धरून बसवलं. त्याने डोळे मिटून फुंकलं, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"शून्य," मावशी म्हणाल्या. मग खात्री करायला चष्मा पुसून पुन्हा म्हणाल्या, "शून्य आहे रे."

चुकले म्हणायची मावशींना सवय नव्हती. त्या खोलीत गेल्या आणि त्याच्या पिशवीतले सदरे बाहेर काढून घड्या घालू लागल्या. रंगारी दारात उभा राहिला.

"स्वप्नात किती घेतलीस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दोन ग्लास. मग तुम्ही फुंकणी घेऊन आलात."

"मग?"

"तिथे शून्य आलं, मावशी. तुम्ही मला चहा दिलात. म्हणून तर घाबरलो."

मावशींचे हात थांबले. "आणि तू प्यायलास तो चहा?"

"नाही. गळ्याखाली उतरेना. तुम्हाला सांगायला मागे धावलो, तेवढ्यात जाग आली."

मावशींनी शेवटचा सदरा खुंटीला लावला, रिकामी पिशवी झटकली आणि पायाने खाटेखाली सरकवली.

"चल," त्या म्हणाल्या. "चहा ठेवते. आज तुला आधी."