नलिनीआजींची मूठ

मित्रांनो, तुमच्या मुठीत किती जोर आहे, हे मला क्षणात कळतं. मी एक मूठमापक आहे. आवळायला लोखंडी दांडा, वर गोल तबकडी आणि तिच्यात काटा, एवढाच माझा संसार. परदेशातल्या वेंटवर्थव्हिल नावाच्या उपनगरात किराणा दुकानाच्या माडीवर ऋता नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्या टेबलावर मी राहतो. माझा रंग उडालाय. शेजारी चकचकीत डिजिटल यंत्रं आली आहेत. तरी ऋता मलाच उचलते.

गेल्या दत्तजयंतीनंतर नलिनीआजी आल्या. सोबत मुलगा शिरीष आणि सून मयूरा. आजी जन्मभर कीर्तन करत आल्या. नारदांच्या गादीवर उभं राहूनच बोलायचं, हा त्यांचा नेम. पण त्या दत्तजयंतीला जवळच्या टूनगॅबी उपनगरातल्या हॉलमध्ये त्यांनी खुर्चीवर बसून कीर्तन केलं, आणि ऐन रंगात चिपळ्या हातातून निसटल्या.

"रामनवमीला मला उभं राहायचंय," आजी म्हणाल्या. "नाहीतर चिपळ्या देवापुढे ठेवते आणि मोकळी होते."

"आईचं वेट परफेक्ट आहे," शिरीष म्हणाला. "आमचे जीपी, फॅमिली डॉक्टर, पण म्हणाले, नो वरीज. वयच झालंय ना."

आजी खरंच गोल, गुटगुटीत दिसत. ऋताने मला त्यांच्या हातात दिलं. "आवळा, आजी. जोरात."

"याचा काय चिंचेसारखा कोळ काढू?"

"अगदी तसाच काढा."

आजींनी ओठ मिटून जोर लावला. माझा काटा जरासा हलला आणि थांबला. बायकांसाठी ठरलेली रेघ बरीच पुढे राहिली.

"मशीन जुनं आहे," म्हणत शिरीषने मला आवळलं. काटा सरसर वर गेला, तसं त्याने मला हळूच टेबलावर ठेवलं.

मग ऋताने आजींना हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला सांगितलं. तिसऱ्या वेळी आजी डगमगल्या, आणि मयूराचा हात आपोआप त्यांच्या कोपराखाली गेला.

"मयूरा, हात काढ," ऋता म्हणाली.

"अगं, पडतील त्या."

"मी आहे ना इथे. घरीही असाच धरतेस?"

तिथे सगळं उलगडलं. मयूरा आजींना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसे. पिशवी नको, जिना नको, आई तुम्ही बसा. त्यात सोमवार, गुरुवार, एकादशी, आणि उपासाला नुसती साबुदाण्याची खिचडी. मायेने आणि भक्तीने आजींचे स्नायू हळूहळू वितळत होते, आणि चरबीखाली ते वरून कुणाला दिसत नव्हतं.

"याला सार्कोपेनिया म्हणतात," ऋता म्हणाली. "वयाने स्नायू थोडे उतरतातच. पण ताकद इतकी उतरली की तो आजार. रेघ नेमकी कुठे मारायची यावर डॉक्टरांमध्ये अजून मतभेद आहेत, पण आजी कुठल्याही रेघेच्या खालीच आहेत. हातापायांत स्नायू किती उरलेत, ते स्कॅन सांगेल."

स्कॅनने तेच सांगितलं.

"म्हणजे उपास सोडू?" आजींनी विचारलं.

"नको. साबुदाणा कमी करा. दूध, दही, पनीर, दाणे खा. आणि वजनं उचला."

आजी हसल्या. "या वयात पैलवान होते आता."

मग त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. अभंग गुणगुणत वजनं उचलत, उठबस करत, आणि जाताना मला आवळत. मित्रांनो, मी लोखंड आहे. वापरलं की मी झिजतो. आजींचे हात मात्र वापरले तसे भरत गेले, तेही अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. देवाने माती कशी कालवली असेल, याचं माझं नवल अजून सरत नाही.

रामनवमीला हॉलच्या दाराशी ऋताने ज्येष्ठांची मूठ मोजायला टेबल मांडलं होतं. तिथून मला गादी दिसत होती. पूर्वरंग आजींनी उभ्याने केला. मध्यंतरात हार-बुक्का झाला आणि त्या दम खायला खुर्चीवर टेकल्या. पेटीने सूर धरला. आजी उठेनात. मयूरा पुढे धावली, तिचा हात पुढे झाला, आणि अर्ध्यात थांबला. तिने तो आपल्या पदरात गच्च धरून ठेवला.

आजींनी पावलं मागे घेतली, पुढे झुकल्या, आणि खुर्चीच्या हाताला न शिवता उभ्या राहिल्या. चिपळ्या वाजल्या. आख्यान सुरू झालं.

मित्रांनो, घरच्या वडीलधाऱ्यांची सेवा जरूर करा. पण त्यांच्या हातातला तांब्या काढून घेऊ नका. खुर्चीवरून उठताना त्यांना वेळ लागला, तर जवळ उभे राहा आणि थोडं थांबा. मयूराचा तो थांबलेला हात मी पाहिला आहे. मुठीतला जोर मोजायला मी आहे, पण त्या हातातला जोर माझ्या तबकडीत मावला नसता.