ओट्यावरचा रबरी पाव्हणा

मी एक जुना रबरी पुतळा आहे. पुतळा म्हटल्यावर तुम्हाला चौकातला, घोड्यावर बसलेला आठवला असेल. तसला मी नव्हे. मला हात नाहीत, पाय नाहीत. नुसतं डोकं आणि छाती. हसू नका मित्रांनो! ह्याच छातीवर माले गावातल्या कितीतरी माणसांनी हात बसवला आहे.

हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला कसं जगवायचं, हे शिकवण्यासाठी मला कारखान्यात घडवलं. छातीत एक स्प्रिंग बसवली. बरोबर मधोमध, पुरेशा जोराने दाबलं की ती 'टक' वाजायची. चुकलं की मी गप्प. त्या 'टक'चा मला भारी अभिमान होता.

पण माझी पहिली सहा वर्षं हिंजवडीतल्या एका कचेरीच्या कपाटात गेली. वर्षातून एकदा मला बाहेर काढायचे, माझ्यासोबत फोटो काढायचे, की पुन्हा कपाट. एकदा तर माझ्या अंगावर दिवाळीच्या आकाशकंदिलांचा ढीग रचला. जीव वाचवायला जन्मलो आणि कंदिलांचं फडताळ झालो, मग राग येणार नाही का?

त्या कचेरीत नोकरीला असलेल्या, मूळच्या परभणीच्या स्वरदाताईंनी मला मागून घेतलं. त्या दर रविवारी माले गावात स्वयंसेवकांना शिकवायला जात. दरड कोसळली, ओढ्याला पूर आला, कुणाला शॉक लागला, तर काय करायचं ते सांगत. "रुग्णवाहिका पौडवरून येईपर्यंत वीस मिनिटं जातात," त्या म्हणायच्या. "ती वीस मिनिटं तुमच्या हातात आहेत."

पहिल्या रविवारी मला शाळेच्या व्हरांड्यात निजवलं, तर बाया पुढे येईनात. तोंडाला पदर लावून नुसत्या हसत उभ्या. "परक्या बाप्याच्या छातीवर हात ठिवायचा व्हय?" कुणीतरी म्हणालं. मी उघडाबंब, मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात भातशेती करणाऱ्या रत्नाबाई उठल्या, माझ्या खांद्यांवर एक उपरणं टाकलं आणि म्हणाल्या, "आता ह्यो पाव्हणा. पाव्हण्याची इचारपूस करायला कसली आलीया लाज?"

त्यांनी दाबलं. मी गप्प. पुन्हा दाबलं, तरी गप्प. त्या रविवारी मी एकदाही वाजलो नाही, पण बाई हटणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ताईंना विचारून मला घरी नेलं आणि ओट्यावर ठेवलं. रोज दुपारी शेतातून आल्या की हातपाय धुवायच्या आणि माझ्यापुढे गुडघे टेकायच्या. आठव्या दिवशी 'टक' वाजलं, तेव्हा त्या एकट्याच टाळ्या वाजवत हसल्या.

घरात ही गोष्ट एकाला खपत नव्हती. ते म्हणजे रत्नाबाईंचे थोरले दीर, हैबतराव. त्यांच्यापुढे रत्नाबाई डोईवर पदर घेतल्याशिवाय कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. चहाची कपबशीसुद्धा हातात न देता ओट्याच्या कडेला ठेवायच्या. पंधरा वर्षांची रीत होती ती.

"रत्ना, हे धूड घरात कशापायी?" हैबतराव कडाडले. "ज्याची भरली तो जातोच. रविवारी परत धाड."

"धाडते भावजी. पर रविवारपातूर दाबते," रत्नाबाई खाली मान घालून म्हणाल्या.

गुरुवारी दाबता दाबता माझी स्प्रिंग तुटली. मी कायमचा मुका झालो. रत्नाबाईंना वाटलं, आपलाच हात चुकला. त्यांनी घाबरून ताईंना फोन लावला.

"रत्नाताई, खऱ्या माणसाची छाती कुठे टक वाजते?" पलीकडून ताई म्हणाल्या. "आवाज आला नाही तरी थांबायचं नाही."

शनिवारी सकाळपासून पाऊस लागला होता. ओट्याला लागूनच गोठा होता, त्याची जमीन ओलीचिंब झालेली. दुपारी हैबतराव विजेवरची कडबाकुट्टी सुरू करायला गेले आणि यंत्राला हात लागताच ताठ झाले. शेजारचा शंभू त्यांना ओढायला धावला.

"शंभू, हात लावू नगं! आदी मेन!" रत्नाबाई किंचाळल्या आणि त्यांनीच धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

हैबतराव कोसळले. दोघांनी त्यांना उचलून ओट्यावर, अगदी माझ्या शेजारी निजवलं. छाती हलत नव्हती. आरडाओरड ऐकून वाडी जमा झाली. म्हातारे भिवाजीआबा ओरडले, "शॉक लागलाय! गळ्यापातूर मातीत पुरा, माती वीज वढून घेती!" आमच्याकडे पूर्वापार असंच करतात, मित्रांनो. दोघं फावडं आणायला पळालेसुद्धा.

रत्नाबाईंनी गुडघे टेकले. हात पुढे केले आणि ते हवेतच थांबले. ज्यांच्या हातात कधी कपबशी दिली नाही, त्यांच्या छातीवर हात ठेवायचा, तोही साऱ्या वाडीसमोर! मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्यात आता साधी 'टक'ही उरली नव्हती.

त्यांनी पदर कमरेला खोचला. "भावजी, माफी करा," म्हणाल्या आणि दाबायला लागल्या.

"अगं, थोरला दीर हाय तुजा!" एक म्हातारी ओरडली.

"म्हनूनच दाबतीया! शंभू, एकशेआठला फोन लाव! आबा, माती लांब ठिवा!"

एक, दोन, तीन, चार. मध्येच 'कट' असा आवाज आला. बरगडी मोडली होती. बाई दचकल्या, पण थांबल्या नाहीत. त्या दमल्या की शंभू, शंभू दमला की त्या. बावीस मिनिटं चाललं हे. मग रुग्णवाहिका आली, डॉक्टरांनी हृदय सुरू करायच्या यंत्राने छातीला दोन झटके दिले आणि दुसऱ्या झटक्याला नाडी लागली.

भातकापणीच्या तोंडावर एका रविवारी स्वरदाताई नवा पुतळा घेऊन आल्या. मी जुना झालो होतो, म्हणून मला परत न्यायला त्यांनी गाडीत ठेवण्यासाठी उचललं.

"त्याला कुटं न्हेताय?" ओट्यावरून हैबतरावांनी विचारलं.

"काका, ह्याची स्प्रिंग तुटलीय."

"माजी बी बरगडी तुटली हुती. मला टाकून दिलं का कुनी? ठिवा त्याला हितं."

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कचेरीत माझा एखादा भाऊबंद कपाटात पडून असेल. त्याला बाहेर काढा. फोटोसाठी नको, हात बसवायला काढा. माझं म्हणाल, तर मी अजून त्याच ओट्यावर आहे. नवा पुतळा आला त्याच रविवारी रत्नाबाईंनी चहाची कपबशी थेट हैबतरावांच्या हातात दिली. त्यांनी चहा संपवला, टोपी काढून बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर गुडघे टेकले.

"रत्ना, हात कुटं ठिवायचा ते दाव."

त्यांनी दाबलं. मी वाजलो नाही. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"थांबू नगा भावजी," रत्नाबाई म्हणाल्या. "दाबा."