तंगुसाची गाठ

आमच्या मंजुळेची खोड सांगते. ही सून एकही गाणं पुरं वाजवत नाही. विजेची गिटार मांडीवर घेते, आवाजाच्या डब्याची पिन लावते आणि विलायती गाण्याच्या सुरुवातीचा तेवढा तुकडा वाजवते. थांबते. कॅसेट मागे घेते. परत तोच तुकडा. "अगं, पुढचं गाणं काय खाडीत बुडालं?" विचारलं की म्हणते, "आई, लोक ह्या तुकड्यासाठीच गाणं ऐकतात. ह्याला रिफ म्हणतात." म्हणजे फोडणी द्यायची, सगळ्या आळीला ठसका लावायचा आणि कालवण करायचंच नाही!

बाकीच्या सुना रुखवतात भांडी आणतात. ब्याण्णव साली ही कोपरीत आमच्या घरी आली ती गिटार आणि डबा घेऊन. हिचा भाऊ गोविंदा बोटीवर नोकरीला गेला, जाताना हिच्या गळ्यात अडकवून गेला. माझा तानाजी बायकोपुढे काय बोलणार? "वाजवू दे ना आई," म्हणाला आणि कळव्याला कामावर पळाला. इकडे मासळी बाजारात माझ्या सासूपासूनचा गाळा. कोलंबी सोलतानाही हिच्या डाव्या हाताची बोटं पाटीच्या काठावर नाचतात.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर कळलं, गोविंदाच्या जुन्या ग्रुपला गिटार वाजवणारं माणूस हवंय. त्यांचा म्होरक्या कुंडलिक रविवारी डोंबिवलीहून हिला ऐकायला येणार. पसंत पडली तर थर्टीफर्स्टच्या आठवड्यात प्रोग्राम. म्हणजे ऐन गिऱ्हाइकीत गाळ्यावर मी एकटी! त्या दिवसापासून मंजुळा हवेत आणि मी चुलीवर.

रविवारी दुपारी ती त्याला आणायला स्टेशनवर गेली. घरात मी, गिटार आणि मासे साफ करायची कात्री. मधली तार कट्टकन तोडली. लई बरं वाटलं. मग डोक्यात आलं, घरात दुसरं कोणी नाही, नाव माझंच येणार. मग तिच्या जागी तंगूस बसवला, मासे धरायचा नायलॉनचा दोरा. जाडी तीच. खुंटी पिळली, टिचकी मारली, टण्ण वाजलं. म्हटलं, सूर जरा वाकडा लागेल, पाहुणा आपल्या पायानं परत जाईल.

कुंडलिकचे केस खांद्यापर्यंत, पण आल्याआल्या पाया पडला, म्हणून चहा दिला. मंजुळेनं पिन लावली, तुकडा सुरू केला आणि मधेच भोक पडलं. परत वाजवला. परत भोक. सूर वाकडा सोडाच, त्या तारेचा आवाजच नाही!

कुंडलिक वाकला. "ताई, हा तंगूस आहे. विजेच्या गिटारला पोलादाचीच तार लागते. खाली लोहचुंबक असतं. नायलॉन हलला तरी त्याला कळत नाही."

मंजुळेची नजर गाठीवर गेली आणि तिथून माझ्यावर आली. माझी गाठ सगळी आळी ओळखते. मी चहात काय पडलंय ते बघत बसले.

"मीच बसवला," मंजुळा म्हणाली. "तार तुटली होती."

"आणि चालेल असं वाटलं? गोविंदाची बहीण म्हणून आलो हो. एवढंही माहीत नसेल तर स्टेजवर कसं घ्यायचं?" तो उठला. मंजुळेचं तोंड एवढंसं झालं. तसाच गेला असता तर माझं काम फत्ते होतं. पण चप्पल घालताना बोलला, "आणि गाठ तरी धड मारायची. एका झटक्यात सुटेल ही."

"काय म्हणालास?" मी ताडकन उठले. "ओढ! ओढून दाखव! ह्या गाठीनं आठ किलोचा जिताडा धरलाय. माझ्या आईची गाठ आहे ती, आणि मघाशी ह्या हातांनी मारलीय!"

बोलून गेले.

मेल्यानं ओढली की! बोट कापलं त्याचं, गाठ हलली नाही.

मंजुळा पदर तोंडात कोंबून हसत होती. मग म्हणाली, "दादा, बसा." मुकी तार सोडून शेजारच्या जाड तारेवर तिनं तोच तुकडा काढला, बोटं पार पुढे सरकवून. एक सूर गळला नाही.

"असं कुठे शिकलात?" कुंडलिक बोट चोखत म्हणाला.

"कोलंबीच्या पाटीवर."

"मावशी, थर्टीफर्स्टला हिला नेतो."

तो गेला, तशी ही माझ्यासमोर हात पसरून उभी. "आई, तंगूस काढायचाय. कात्री कुठे ठेवलीत? आज तुम्हीच वापरली ना?"

"मंजुळे," मी म्हटलं, "कात्री चुलीमागे आहे. मुका तंगूस निघाला, माझी गाठ नाही, हे ध्यानात ठेव. आणि खोटं बोलताना माझ्याकडे बघत जाऊ नकोस, तोंडावर दिसतं तुझ्या. थर्टीफर्स्टला गाळा मी सांभाळते. पण डोंबिवलीकरांना नुसता फोडणीचा वास देऊन आलीस ना, तर घरात घेणार नाही. गाणं संपवून यायचं!"